वाचकांचे प्रश्न : जपानमधल्या जुन्या वास्तू कशा पाहाव्यात?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे जपानच्या प्रवासासंबंधी बरीच पत्रे आली. खरेदी, चलन, मोबाइलचे सिमकार्ड यांविषयीची पत्रे बाजूला ठेवून देवळे, किल्ले आणि बागा यांच्याबद्दलचे सात प्रश्न येथे घेतले आहेत. मी पुण्यात जपानी भाषा शिकवते आणि अधूनमधून ओळखीच्या मंडळींना घेऊन तिकडे जाते, एवढ्याच अधिकाराने ही उत्तरे दिली आहेत.

आम्ही दोघे निवृत्त आहोत. हयात गडकिल्ले हिंडण्यात गेली, त्यामुळे जपानमध्ये एक तरी किल्ला नीट पाहण्याची इच्छा आहे. प्रवासी कंपनीच्या कार्यक्रमात ओसाकाचा किल्ला आहे. तो पुरेसा होईल का? पत्नीचे गुडघे दुखतात, हे कृपया लक्षात घ्यावे. — एक वाचक, कोल्हापूर

ओसाकाचा किल्ला बाहेरून पाहण्यासारखा जरूर आहे. त्याच्या तटबंदीतले प्रचंड दगड आणि रुंद खंदक पाहून पन्हाळा पायाखाली घातलेला माणूसही थबकेल. मात्र मधोमध दिसणारा मनोरा १९३१ साली काँक्रीटमध्ये उभारलेला असून त्याच्या पोटात लिफ्ट आणि संग्रहालय आहे. जपानमध्ये किल्ल्याच्या अशा मध्यवर्ती मनोऱ्याला ‘तेन्शु’ म्हणतात, आणि जुन्या काळापासून टिकून राहिलेले असे मनोरे आज साऱ्या देशात अवघे बारा आहेत. एकोणिसाव्या शतकात सरंजामशाही संपल्यावर सरकारनेच बहुतेक किल्ले मोडीत काढले आणि उरलेल्यांपैकी नागोया, ओकायामा, हिरोशिमा येथले मनोरे १९४५ साली नष्ट झाले. म्हणून किल्ल्याचे नाव कार्यक्रमात दिसले की पहिला प्रश्न हाच विचारावा, की तो लाकडाचा मूळचा आहे की नंतर बांधलेला.

बारांपैकी एकच पाहायचा असेल, तर मी नि:शंकपणे हिमेजी सांगेन. शिंकानसेनच्या, म्हणजे अतिवेगवान रेल्वेच्या, स्थानकातून बाहेर पडल्यावर सरळ रस्त्याच्या टोकाला तो पांढराशुभ्र दिसतो आणि पंधरा-वीस मिनिटांत चालत तिथे पोहोचता येते. इकेदा तेरुमासा या सरदाराने १६०९ साली पुरा केलेला हा मनोरा आहे, आणि १९९३ पासून तो जागतिक वारसा आहे. तुमच्यासारख्या गडप्रेमींना तिथे मनोऱ्यापेक्षा त्याच्याकडे नेणारी वाट अधिक रमवील. मनोरा सतत डोळ्यांसमोर असतो, पण वाट त्याच्याकडे जाता जाता अचानक पाठ फिरवते, अरुंद होते, उतरायला लागते, आणि प्रत्येक वळणावर वरच्या भिंतीतून आपल्यावर नेम धरता येईल अशी जागा ठेवलेली असते. रायगडाच्या महादरवाज्याची गोमुखी रचना ज्याने पाहिली आहे, त्याला ही भाषा वेगळी शिकवावी लागत नाही. भिंतींत आपल्याकडच्यासारख्याच जंग्या आहेत, फक्त त्यांचे आकार गोल, तिकोनी आणि चौकोनी असे निरनिराळे आहेत. गोल आणि तिकोनी बंदुकीसाठी, उभट चौकोनी बाणांसाठी. एखाद्या तिकोनी जंगीला डोळा लावून खालच्या वाटेकडे पाहावे. आपण पाच मिनिटांपूर्वी जिथे दम खात उभे होतो, नेमकी तीच जागा दिसते.

आता गुडघ्यांविषयी. हिमेजीच्या मनोऱ्यात लिफ्ट नाही. आत शिरताना बूट काढून पिशवीत घालून हातात घ्यावे लागतात, आणि गुळगुळीत लाकडी जिने शिडीइतके उभे आहेत. बाहेरून पाच मजले दिसले तरी आत तळघर धरून सात आहेत. चढण्यापेक्षा उतरणे अवघड जाते. पत्नीला खालच्या अंगणापर्यंत आणि पश्चिमेकडच्या लांब ओवरीपर्यंत सोबत नेऊन शेवटचा टप्पा तुम्ही एकट्याने करावा, असे मी सुचवेन. त्यांच्यासाठी क्योतोमधला निजो किल्ला ठेवावा. तो १६०३ साली तोकुगावा घराण्याचा पहिला शोगुन, म्हणजे लष्करी राज्यकर्ता, इएयासू याने क्योतोतल्या मुक्कामासाठी बांधला. त्याचा निनोमारू महाल एकाच पातळीवर पसरलेला असून जिने चढण्याचा प्रश्नच येत नाही. तिथल्या ओसरीवर पाऊल टाकले की फळ्यांखालच्या लोखंडी पट्ट्या खिळ्यांवर घासून पाखराच्या चिवचिवाटासारखा आवाज येतो. शेवटच्या शोगुनाने सत्ता सम्राटाला परत करण्याचा निर्णय १८६७ साली याच महालात जाहीर केला, म्हणजे एका राजवटीचा आरंभ आणि शेवट दोन्ही एका छपराखाली पाहता येतात.

मागच्या वर्षी आम्ही क्योतोचे सुवर्णमंदिर पाहिले. परत आल्यावर कळले की ते १९५५ साली बांधलेले आहे. मग आम्ही नक्की काय पाहिले? जपानमध्ये सगळेच असे नव्याने बांधलेले असते का? — एक वाचक, सोलापूर

तुमच्या पत्रातला राग मला समजतो. किंकाकुजीचा मूळ सोनेरी मंडप अशिकागा योशिमित्सू या शोगुनाच्या चौदाव्या शतकाच्या अखेरच्या निवासस्थानाचा भाग होता. १९५० सालच्या जुलैमध्ये मठातल्याच एका तरुण साधकाने त्याला आग लावली आणि १९५५ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. आज दिसणारा सोन्याचा मुलामा तर १९८७ सालचा आहे. पण त्याच्या भोवतीचे तळे, त्यातली बेटे आणि दगड यांची योजना जुनी आहे, आणि मंडप ज्या कोनातून पाण्यात उतरलेला दिसावा म्हणून ते तळे आखले गेले, तो कोनही जुनाच आहे. तुम्ही बाग पाहिलीत आणि तिच्यातला नवा केलेला दागिना पाहिलात, असे मी म्हणेन. जाता जाता सांगते, या मठाचे खरे नाव रोकुओनजी, म्हणजे ‘मृगवनाचा विहार’. बुद्धाने पहिले प्रवचन दिले त्या सारनाथच्या मृगवनावरून ते ठेवलेले आहे. फलकावर ते नाव लिहिलेले असते आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

पण तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर इसे येथे आहे. सूर्यदेवता आमातेरासूचे हे स्थान जपानमध्ये सर्वांत पवित्र मानतात, आणि तिथले मुख्य मंदिर दर वीस वर्षांनी शेजारच्या मोकळ्या भूखंडावर जसेच्या तसे नव्याने बांधून देवतेला तिथे हलवले जाते. सातव्या शतकाच्या अखेरीस हा क्रम सुरू झाला. लढायांच्या काळात तो काही वेळा खंडित झाला, पण मोडला नाही. २०१३ साली बासष्टावे स्थलांतर झाले, पुढचे २०३३ साली होणार आहे. वीस वर्षे हा कालावधी मोठा सोयीचा आहे, कारण एका फेरीत उमेदवार म्हणून काम केलेला सुतार दुसऱ्या फेरीत कर्ता होतो आणि तिसरीत देखरेख करतो. लाकूड नवे, हात नवे, आणि सांधा मात्र तेराशे वर्षांचा. उतरवलेले लाकूडही वाया जात नाही. मुख्य मंदिरांच्या आढ्याला आधार देणारे खांब पुढची वीस वर्षे उजी पुलाच्या दोन टोकांच्या तोरणद्वारांत उभे असतात. पूल ओलांडताना त्यांना हात लावून पाहावा.

एक पूर्वसूचना देणे आवश्यक आहे. इसेला गेल्यावर मंदिर दिसत नाही. चार कुंपणांच्या आड गवती छपराचे आढे आणि त्यावरच्या आडव्या ओंडक्यांची सोनेरी टोके एवढेच दिसते, आणि शेवटच्या पायऱ्यांच्या वर छायाचित्रही घेता येत नाही. मी नेलेल्या एका मंडळीने ‘एवढ्यासाठी इतक्या लांब आणलेत?’ असे तोंडावर विचारले होते. ज्यांना डोळ्यांना भरपूर हवे आहे त्यांनी इसेला जाऊ नये. मात्र शेजारचा रिकामा, पांढऱ्या खड्यांनी आच्छादलेला भूखंड पाहून ज्याला काही वाटेल, त्याने अवश्य जावे.

आणि खरोखरच जुने लाकूड पाहायचे असेल, तर नारा शहराजवळ होर्यूजी हा मठ आहे. त्याचा उल्लेख पुढच्या उत्तरात येतो.

आपले देव जपानमध्ये पूजले जातात असे वारंवार ऐकतो. हे खरे आहे का, आणि एका सामान्य प्रवाशाला ते कुठे पाहता येतील? — एक वाचक, ठाणे

खरे आहे, मात्र ‘आपले देव तिकडे आहेत’ या वाक्यात जो अभिमान असतो तो थोडा आवरून पाहिल्यास अधिक दिसते. हे देव बौद्ध धर्माबरोबर मध्य आशिया, चीन आणि कोरिया या वाटेने गेले, आणि प्रत्येक मुक्कामावर त्यांचा पोशाख, चेहरा आणि काम बदलत गेले. सरस्वती तिथे बेन्झाइतेन झाली. तिच्या हातात वीणेऐवजी बिवा हे तंतुवाद्य आले आणि तिचे नदीशी असलेले जुने नाते टिकून तिची देवळे तळ्याकाठी किंवा बेटांवर बांधली गेली. महाकालाचा दाइकोकुतेन झाला आणि तो तांदळाच्या पोत्यांवर उभा राहून हातोडा उंचावत हसू लागला. उज्जैनच्या महाकालाला मानणाऱ्याला तो ओळखू येणार नाही, आणि त्यात दोष कोणाचाच नाही.

पाहायचे असेल तर क्योतो स्थानकाच्या पूर्वेला असलेल्या सान्जूसान्गेन्दोपासून आरंभ करावा. एकशेवीस मीटर लांबीचा हा लाकडी सभामंडप १२६६ सालचा आहे, आणि त्यात सहस्रभुज कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, एक हजार एक मूर्ती रांगांनी उभ्या आहेत. बहुतेक प्रवासी त्या सोनेरी गर्दीकडे पाहत पुढे सरकतात. मी सांगेन की पहिल्या रांगेसमोर उभ्या असलेल्या अठ्ठावीस रक्षक मूर्तींकडे पाहावे. तिथे चोचीचा कारुरा, म्हणजे गरुड, बासरी वाजवत एक पाय ताल धरल्यासारखा उचलून उभा आहे. बासू नावाचा वृद्ध ऋषी आहे. त्याच्या छातीच्या फासळ्या मोजता येतात, हातात काठी आहे आणि डोळ्यांत स्फटिक बसवल्यामुळे तो आपल्याकडेच पाहतो आहे असे वाटते. इंद्र आणि ब्रह्मदेवही आहेत. आत छायाचित्रे घेता येत नाहीत, त्यामुळे पाहणेच भाग पडते, आणि ते बरे आहे.

त्याच दिवशी तोजी या मठात जाता येते. पंचावन्न मीटर उंचीचा तिथला पाचमजली पॅगोडा, जो १६४४ साली पुन्हा बांधला गेला, आगगाडीतूनही दिसतो. परंतु खरे धन व्याख्यान मंडपात आहे. कूकाई या आचार्याने योजलेल्या एकवीस मूर्तींच्या मंडलात ब्रह्मदेव चार हंसांवर बसलेला आहे आणि इंद्र हत्तीवर, एक पाय खाली सोडून. मंडलातल्या बहुतेक मूर्ती नवव्या शतकातल्या आहेत. हत्तीवर बसलेल्या इंद्राचा तो शांत, तरुण चेहरा पाहायला मी प्रत्येक वेळी जाते.

गणपतीचे मात्र दर्शन होणार नाही. त्याचे जपानी नाव कान्गितेन. तो बहुधा एकमेकांना आलिंगन दिलेल्या दोन गजमुखी आकृतींच्या रूपात असतो आणि त्याची मूर्ती बंद देव्हाऱ्यात ठेवून कोणालाच दाखवत नाहीत. तोक्योच्या आसाकुसा भागात, गजबजलेल्या सेन्सोजी मठापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका टेकडीवर मात्सुचियामा शोदेन हे त्याचे देऊळ आहे. तिथे भक्त पांढरा मुळा अर्पण करतात. हो, मुळा. देव्हाऱ्यासमोर मुळ्यांची रास पाहून दुर्वांची सवय असलेला माणूस क्षणभर चक्रावतो. पायऱ्यांवर, भिंतींवर मुळा आणि पैशाची पुरचुंडी अशी चिन्हे कोरलेली आढळतात. क्योतोमध्ये त्याच्या नावाची कान्किदान ही मिठाई मिळते. लाल चवळीसारख्या अझुकी या कडधान्याचे गोड पुरण कणकेच्या पारीत भरून, तोंड पुरचुंडीसारखे चिमटून ती तिळाच्या तेलात तळतात. चवीला परकी, पण हातात घेतल्यावर तो तळणीचा मोदक आहे हे कोणत्याही मराठी बाईला सांगावे लागत नाही.

नारा येथे भारताशी असलेला धागा अधिक थेट आहे. तोदाइजीतल्या सुमारे पंधरा मीटर उंच कांस्य बुद्धाचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ साली झाला, तेव्हा मूर्तीचे डोळे रेखणारा भिक्षू बोधिसेन हा भारतातून आलेला होता. त्याच्या कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि खाली जमलेले लोक त्या धरून उभे होते. भूकंप आणि आगी यांमुळे मूर्तीचे मस्तक नंतर पुन्हा ओतावे लागले, आणि भोवतालचे देऊळ १७०९ सालचे आहे. ते मूळ देवळापेक्षा अरुंद आहे, हे त्याच्या आकाराकडे पाहून कोणाला खरे वाटणार नाही.

तिथून आगगाडीने थोड्याच अंतरावर होर्यूजी आहे. जगातल्या टिकून राहिलेल्या लाकडी वास्तूंत त्याचे सुवर्णकक्ष आणि पॅगोडा सर्वांत जुन्या गणल्या जातात. महाराष्ट्रातून जाणाऱ्याने तिथे जाण्याचे आणखी एक कारण आहे. सुवर्णकक्षाच्या भिंतींवर बोधिसत्त्वांची जी चित्रे होती, त्यांची तुलना अभ्यासक अजिंठ्याच्या चित्रांशी करत आले आहेत. कमरेतला तो बाक आणि झुकलेल्या पापण्या पाहिल्या की पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातला पद्मपाणी आठवतो. २६ जानेवारी १९४९ रोजी, चित्रांच्या नकला उतरवण्याचे काम चालू असताना, आग लागून ती चित्रे जळाली. आज भिंतींवर दिसतात त्या नंतर केलेल्या प्रतिकृती. या धक्क्यातून पुढच्याच वर्षी सांस्कृतिक ठेव्याच्या रक्षणाचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी हा दिवस तिथे वारसावास्तूंच्या अग्निसुरक्षेचा दिवस म्हणून पाळतात. आपण झेंडावंदन करत असतो तेव्हा होर्यूजीच्या अंगणात पाण्याचे फवारे उडवून सराव चाललेला असतो.

कोयासान येथे बाबासाहेबांचा पुतळा आहे असे वाचले. आम्ही बौद्ध कुटुंब असून तिथे मुक्काम करण्याची इच्छा आहे. सासूबाई संपूर्ण शाकाहारी आहेत. जाण्याची आणि जेवणाची सोय कशी होते? — एक वाचिका, नागपूर

पुतळा आहे. कोयासान विद्यापीठाच्या आवारात २०१५ साली महाराष्ट्राच्या पुढाकाराने त्याचे अनावरण झाले. सुमारे आठशे मीटर उंचीवर, डोंगरांच्या कडीत वसलेले हे मठांचे गाव ८१६ पासूनचे आहे. कूकाईने त्याची स्थापना केली. त्याच्या पंथाचे नाव ‘शिंगोन’ म्हणजे ‘सत्य वचन’, आणि ते ‘मंत्र’ या शब्दाचेच भाषांतर होय.

ओसाकाच्या नाम्बा स्थानकातून नान्काइ मार्गाच्या गाडीने गोकुराकुबाशीपर्यंत, तिथून तारेने ओढल्या जाणाऱ्या गाडीने वर, आणि पुढे बसने, असा एकंदर दोन तासांचा प्रवास आहे. गावातले पन्नासएक मठ पाहुण्यांना मुक्कामाला घेतात. संध्याकाळी पाचपूर्वी पोहोचणे इष्ट, कारण जेवण लवकर असते आणि उशिरा आलेल्या पाहुण्यामुळे स्वयंपाकघराची पंचाईत होते. पहाटेच्या पाठाला बसता येते. काही मठांत त्यानंतर ‘गोमा’ असतो, म्हणजे आपला होम, शब्दही तोच. समिधा टाकल्यावर उठणारा धूर आणि ढोलाचा ठोका यांत सासूबाईंना काहीच अनोळखी वाटणार नाही.

जेवणाची काळजी कोयासानवर करू नये. ती इतरत्र करावी. मठातल्या शोजिन र्‍योरी या जेवणात मांस, मासे, अंडी तर नसतातच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. तिळाच्या वाटणाचे मऊ गोमा-दोफू आणि गोठवून वाळवलेले कोया-दोफू हे तिथले खास पदार्थ. बाहेरच्या उपाहारगृहांत मात्र निव्वळ भाजीच्या ताटातही ‘दाशी’ असते. हे पाणी बहुधा सुकवलेल्या माशाच्या पातळ सालींपासून काढतात, आणि वाढणाऱ्याच्या मनात ती वस्तू मांसाहारात मोडतच नाही. म्हणून ‘मांस-मासे नको’ एवढे सांगून भागत नाही. दाशी शैवालाची की माशाची, हे विचारावे.

एक संध्याकाळ ओकुनोइनसाठी राखावी. उंच देवदारांखालून जाणारी ही दोन किलोमीटरची वाट दोन लाखांहून अधिक समाधींच्या मधून जाते. दगडांवर शेवाळ, समाध्यांवर सिद्धम या जुन्या भारतीय लिपीतली बीजाक्षरे, आणि टोकाला कूकाईची समाधी. तो गेला नसून ध्यानस्थ बसला आहे, अशी श्रद्धा असल्यामुळे त्याला आजही रोज दोन वेळा जेवण नेतात. शेवटच्या पुलापलीकडे छायाचित्रे घेऊ नयेत आणि टोपी काढावी.

देवळात गेल्यावर काय करावे आणि काय करू नये, हे कळत नाही. टाळ्या वाजवायच्या की नाहीत? — एक वाचिका, डोंबिवली

आधी दार पाहावे. दोन खांबांवर आडव्या तुळया असलेले ‘तोरी’ हे तोरणद्वार दिसले, की ते शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माचे, देवस्थान. तिथे दोनदा वाकून, दोन टाळ्या वाजवून, पुन्हा एकदा वाकतात. इझुमोच्या मोठ्या देवस्थानात टाळ्या चार. बौद्ध मठात टाळी वाजवत नाहीत; नुसते हात जोडावे, जे आपल्याला शिकवावे लागत नाही. दानपेटीत पाच येनचे भोकाचे नाणे टाकण्याची रीत आहे, कारण ‘गो-एन’ या उच्चाराचा दुसरा अर्थ ‘ऋणानुबंध’ असा होतो.

आत जाण्यापूर्वी दगडी कुंडावर पळीने आधी डावा हात, मग उजवा धुवावा, डाव्या ओंजळीतून चूळ भरावी, आणि शेवटी पळी उभी धरून उरलेल्या पाण्याने तिचा दांडा धुऊन ती पालथी ठेवावी. पळी तोंडाला लावू नये. मठाच्या उंबरठ्यावर पाय देऊ नये. घरी आजीने हे सांगितलेले असतेच. उदबत्तीची ज्योत फुंकर मारून विझवत नाहीत, हाताने वारा घालतात, हेही ओळखीचेच.

पादत्राणे वारंवार काढावी लागतात, म्हणून नाडीचे बूट टाळावेत आणि मोजे धड असावेत. माझ्या एका पहिल्या सहलीत अंगठा बाहेर आलेला मोजा मी दिवसभर पावलाखाली दुमडत हिंडले होते, आणि त्या दिवशीच्या मठांविषयी मला तेवढेच आठवते.

देवस्थानाची लाल मोहोर आणि शाईने लिहिलेले नाव, ज्याला ‘गोशुइन’ म्हणतात, ते घ्यायचे असेल तर त्यासाठीची घडीची वही घ्यावी. ती भेटीची खूण असल्यामुळे स्थानकांवर मिळणारे गमतीचे शिक्के तिच्यात मारू नयेत. क्योतोच्या गिओन भागातल्या खासगी गल्ल्यांत प्रवाशांना आता मनाई आहे, आणि दहा हजार येन दंडाची पाटीही आहे. गेइशांच्या मागे कॅमेरा घेऊन धावणाऱ्यांमुळे ही वेळ आली.

आम्ही दोघे शिक्षक आहोत आणि मुले आठ व अकरा वर्षांची. मे महिन्याच्या सुटीत जावे की दिवाळीत? रेल्वेचा पास घ्यावा का? तोक्योजवळ मुलांना आवडेल असे काही आहे का? — एक वाचक, नाशिक

दिवाळीत. एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जपानमध्येच सुट्या असतात आणि सारा देश घराबाहेर पडलेला असतो. मेमध्येच जावे लागले, तर ती आठवडाभराची गर्दी टळल्यावर जावे. जूनमध्ये पावसाळा लागतो. दिवाळीत हवा उत्तम असते, मात्र क्योतोची लाल पाने नोव्हेंबरच्या उत्तरार्धात येतात, तेव्हा त्यांची आशा धरू नये. संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, आणि देवळे दुपारी साडेचार-पाचला मिटतात.

सात दिवसांचा रेल्वे पास २०२३ च्या ऑक्टोबरात २९,६५० येनांवरून ५०,००० येनांवर गेला. तोक्यो-क्योतो जाऊन येण्याला सुमारे अठ्ठावीस हजार येन पडतात, म्हणजे तेवढ्याच प्रवासासाठी पास परवडत नाही.

मुलांसाठी निक्को. आसाकुसाहून गाडीने दोन तास. १६३६ साली नव्याने सजवलेल्या तोशोगू देवस्थानात, पवित्र घोड्याच्या तबेल्यावर ती सुप्रसिद्ध तीन माकडे आहेत. बापूंच्या माकडांचे मूळ म्हणून सगळे त्यांचेच छायाचित्र घेऊन निघतात. पण तिथे एकूण आठ फळ्या आहेत आणि त्यांतून आईच्या कुशीतल्या पिलापासून स्वतः आई होऊ घातलेल्या माकडिणीपर्यंत एक सबंध आयुष्य सांगितले आहे. ‘वाईट पाहू नये, बोलू नये, ऐकू नये’ हा त्यातला बालपणाचा धडा आहे. मुलांना आठही फळ्या क्रमाने लावायला सांगाव्यात. तबेल्यासमोरच्या कोठाराच्या त्रिकोणी माथ्यावर दोन हत्ती आहेत. कानो तान्यू या चित्रकाराने हत्ती कधीच न पाहता, ऐकीव माहितीवर त्यांचा आराखडा काढला. कानांची ठेवण आणि शेपट्यांचा झुपका पाहून भारतातली मुले हसल्याशिवाय राहत नाहीत. योमेइमोन या पाचशेहून अधिक कोरीव आकृत्यांच्या दरवाज्याचा एक खांब मुद्दाम उलटा बसवला आहे, कारण काम पूर्ण झाले की उतरण सुरू होते अशी समजूत होती. तो कोणता, हे त्यांनाच नक्षी पाहून शोधू द्यावे.

प्रकृतीमुळे मला आता परदेशप्रवास शक्य नाही. पुण्यातली जपानी बाग पाहून काही समजेल का? — एक वाचक, पुणे

बरेच समजेल. सिंहगड रस्त्यावरचे पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून, तिथल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर केलेले आहे. कोराकुएन १७०० साली पूर्ण झाली. जपानच्या तीन श्रेष्ठ बागांत तिची गणना होते. ती करवून घेणारा इकेदा त्सुनामासा हा हिमेजीचा किल्ला बांधणाऱ्या तेरुमासाचा पणतू, आणि कोल्हापूरच्या वाचकांना सुचवायचे राहिले, की हिमेजीहून ओकायामा शिंकानसेनने वीस-पंचवीस मिनिटांवर आहे.

पुण्याच्या बागेत सकाळी लवकर, पोरासोरांची गर्दी होण्यापूर्वी जावे, आणि बाकावर न बसता तळ्याच्या कडेकडेने वाटेने चालावे. ही फिरण्याची बाग आहे. एखाद्या वळणावर पाणी झाडांआड जाते, चार पावलांनी पूल दिसतो, मग तोही लपतो. कुठे थांबल्यावर सबंध तळे एकदम उघडते, हे शोधावे. कोराकुएनमध्ये अशा एका जागेवरून बागेच्या हद्दीबाहेरचा ओकायामाचा, युद्धानंतर पुन्हा बांधलेला, काळा किल्ला झाडांच्या शेंड्यांवर दिसतो, जणू तो बागेचाच असावा. दूरचे दृश्य असे उसने घेण्याला जपानीत ‘शाक्केइ’ म्हणतात. पुण्यात झाडांपलीकडे इमारती दिसतात. झाडे कुठे उंच ठेवून त्या झाकल्या आहेत आणि कुठे ते जमलेले नाही, हे पाहत एक फेरी मारावी, आणि पाय चालत असतील तर उलट दिशेने दुसरी.